ध्रुवांवरच्या हिमचादरी कशा तयार झाल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी शब्दांचा घोळ मिटवू. हिम आणि बर्फ हे शब्द बोलताना आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. इथे मात्र आकाशातून पडतं ते भुसभुशीत हिम आणि ते दाबाखाली घट्ट होऊन बनतो तो बर्फ. पुढची बरीच उत्तरं याच फरकावर उभी आहेत.

हिमचादर कशाला म्हणायचं? गोठलेला समुद्र, हिमनद्या, हिमनग हे सगळं त्यातच येतं का?

नाही. जमिनीवर साचलेला, ५० हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आणि स्वतःच्याच वजनाने चहूबाजूंना पसरणारा बर्फ म्हणजे हिमचादर. आज पृथ्वीवर अशा दोनच आहेत. अंटार्क्टिकाची सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आणि सर्वांत खोल जागी ४,७०० मीटरपेक्षा जास्त. ग्रीनलँडची सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, मध्यभागी तीन किलोमीटरहून जाड.

समुद्री बर्फ ही वेगळीच गोष्ट. तो समुद्राचंच पाणी गोठून होतो, जाडी जेमतेम एक ते चार मीटर, आणि त्याचा मोठा भाग दरवर्षी येतो-जातो. भौगोलिक उत्तर ध्रुवावर हिमचादर नाहीच, कारण तिथे जमीनच नाही; बर्फाच्या पातळ सायीखाली चार किलोमीटर खोल समुद्र आहे. हिमनग म्हणजे हिमचादरीच्या किंवा हिमनदीच्या कडेचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा.

हिमाचा बर्फ होतो कसा? किती वेळ लागतो?

ताज्या हिमात नव्वद टक्के हवाच असते. घनता घनमीटरला ५० ते १०० किलो. वाऱ्याने चोपलं गेलं की ती ३५० ते ४०० वर जाते. दुसऱ्या वर्षीचं हिम त्यावर पडतं, तिसऱ्या वर्षीचं त्यावर, आणि खालचे कण एकमेकांत सरकून दाटीवाटीने बसतात. उन्हाळा काढून टिकलेल्या या दाणेदार थराला फिर्न म्हणतात. घनता ५५० च्या आसपास पोचली की कण आणखी जवळ सरकू शकत नाहीत. त्यानंतर ते जिथे एकमेकांना टेकतात तिथे चिकटू लागतात आणि मधल्या पोकळ्या आकसतात. ८३० च्या सुमारास त्या पोकळ्यांचा वरच्या हवेशी संबंध तुटतो, हवा बुडबुड्यांमध्ये बंद होते. इथून पुढे तो बर्फ. पूर्ण दाबलेल्या बर्फाची घनता ९१७.

हे साधारण ५० ते १२० मीटर खोलीवर घडतं. लागणारा वेळ मात्र हिम किती पडतं यावर ठरतो. ग्रीनलँडच्या माथ्यावर दोनशे-सव्वादोनशे वर्षांत काम होतं. पूर्व अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पाण्याइतकंच हिम पडतं, तिथे सुमारे तीन हजार वर्षं लागतात. म्हणजे बुडबुड्यातली हवा तिच्याभोवतीच्या बर्फापेक्षा तीन हजार वर्षांनी तरुण असते. बर्फाच्या गाभ्यावरून (भोक पाडून काढलेल्या लांब दंडगोलावरून) जुनी हवा मोजणाऱ्यांनी हा फरक वजा केला नाही, तर कार्बन डायऑक्साइड आधी वाढला की तापमान आधी वाढलं, या प्रश्नाचं उत्तर सरळ उलटं निघू शकतं.

कडाक्याची थंडी पडली की हिमचादर तयार होणारच ना?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज. सायबेरियाच्या पूर्व भागात हिवाळ्यात पारा उणे ५० च्या खाली जातो, पण तिथल्या सपाट प्रदेशावर हिमचादर नाही. कारण पडलेलं हिम उन्हाळ्यात वितळून जातं. हिवाळ्यात उणे २० ऐवजी उणे ४० झालं तरी हिशेबात काही फरक पडत नाही. उलट फार थंड हवेत बाष्प कमी असल्याने हिमवर्षाव घटतो. खरा प्रश्न असा की ऑगस्टअखेर (दक्षिण गोलार्धात फेब्रुवारीअखेर) जमिनीवर काही शिल्लक राहिलं का.

आकड्यांत पाहू. हिमनदीतज्ज्ञ वितळीचा ढोबळ हिशेब अंशदिवसांनी करतात: शून्याच्या वरचा प्रत्येक अंश, प्रत्येक दिवशी, सुमारे ३ मिलिमीटर पाण्याइतकं हिम वितळवतो; उघडा बर्फ असेल तर ८ मिलिमीटर, कारण तो गडद असतो आणि ऊन जास्त शोषतो. समजा एका पठारावर वर्षाला ४०० मिलिमीटर पाण्याइतकं हिम पडतं आणि उन्हाळ्याचे ६० दिवस सरासरी २ अंशांचे आहेत. वितळ ३ × २ × ६० म्हणजे ३६०. शिल्लक ४० मिलिमीटर. दिसायला नगण्य, पण दहा हजार वर्षांत ४०० मीटर पाण्याइतका साठा.

आता तोच उन्हाळा फक्त एका अंशाने उबदार करा, सरासरी ३ अंश. रोज ९ मिलिमीटर या दराने ४०० मिलिमीटर हिम ४४ दिवसांतच संपतं. उरलेले पंधरा-सोळा दिवस जुना बर्फ उघडा पडतो आणि रोज २४ मिलिमीटर जातो, एकूण ३७० च्या आसपास. एका अंशाच्या फरकाने वर्षाला ४० ची जमा होती, ती ३७० ची तूट झाली. हिमचादरी सावकाश वाढतात आणि भराभर कोसळतात, त्याचं एक मोठं कारण या गणितातच दडलेलं आहे.

मग अंटार्क्टिकावर बर्फ नेमका कधी आला?

सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी, इओसीन आणि ऑलिगोसीन या दोन कालखंडांच्या सीमेवर. भूशास्त्राच्या मापाने हा बदल अगदी झटपट झाला: सगळं मिळून चार-पाच लाख वर्षं, आणि त्यातही मुख्य बदल दोन पायऱ्यांत. त्याआधी, ५ कोटी ३० लाख ते ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वी इतकी उबदार होती की अंटार्क्टिकाच्या विल्क्स लँड किनाऱ्यालगत ताडवर्गीय झाडं वाढत होती. त्यांचे परागकण समुद्रतळाच्या गाळात सापडले आहेत. त्याच काळात आर्क्टिकमधल्या एल्समीअर बेटावर मगरींचे भाईबंद राहत होते.

पर्वतांवर छोट्या हिमनद्या ३ कोटी ४० लाखांच्या आधीही असणार. पण खंड व्यापणारी चादर या वळणावरची.

अंटार्क्टिका आधीपासूनच दक्षिण ध्रुवावर होता. मग एवढा उशीर का?

अगदी योग्य शंका. ९ कोटी वर्षांपूर्वीही तो ध्रुवाजवळच होता, आणि पश्चिम अंटार्क्टिकाच्या अ‍ॅमंडसन समुद्रात काढलेल्या गाळाच्या गाभ्यात त्या काळातल्या दमट जंगलाची मुळं जशीच्या तशी मिळाली आहेत. म्हणजे वर्षातले काही महिने पूर्ण अंधार असूनही तिथे जंगल उभं होतं. ध्रुवावर जमीन असणं ही गरजेची अट आहे, पुरेशी नाही.

बदलला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड. इओसीनच्या उबदार काळात त्याचं प्रमाण हजार पीपीएमच्या वर होतं (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती). ते हळूहळू उतरत गेलं. संगणकी प्रतिमानांत ते साधारण ७५० पीपीएमच्या खाली आणलं की अंटार्क्टिकावरची हिमरेषा (जिच्या वर हिम उन्हाळाभर टिकतं ती उंची) पठारांच्या माथ्यापर्यंत उतरते आणि बर्फ एकदम विस्तारतो. कार्बन डायऑक्साइड सावकाश घसरला, बर्फ मात्र पायऱ्या चढल्यासारखा वाढला. कारण पठार सपाट असतं. हिमरेषा त्याच्या वर आहे तोवर काही नाही; ती शंभर-दोनशे मीटर खाली सरकली की लाखो चौरस किलोमीटर एका झटक्यात हिमरेषेच्या वर जातात.

नेमका मुहूर्त पृथ्वीच्या कक्षेने ठरवला. त्या सुमारास कक्षा जवळजवळ वर्तुळाकार होती आणि अक्षाच्या कलण्यातही फार चढउतार नव्हते, त्यामुळे सलग हजारो वर्षं कडक उन्हाळा आलाच नाही. साचलेल्याला टिकायला उसंत मिळाली.

दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून तुटली, ड्रेक सामुद्रधुनी उघडली आणि म्हणून बर्फ आला, असं वाचलं होतं. ते चूक आहे का?

अर्धवट आहे. १९७७ मध्ये जेम्स केनेट यांनी मांडलेली ही कल्पना: खंडाभोवती गोल फिरणारा सागरी प्रवाह सुरू झाला, त्याने उत्तरेकडची ऊब अडवली आणि अंटार्क्टिका गारठला. चित्र सुटसुटीत आहे, म्हणून पाठ्यपुस्तकांत टिकून राहिलं. अडचण तारखांची. ऑस्ट्रेलियाकडची टास्मानियन वाट साधारण त्याच काळात खोल झाली, हे जुळतं. पण ड्रेक सामुद्रधुनी खोल पाण्यासाठी कधी उघडली याचे अंदाज ४ कोटी वर्षांच्या पलीकडून २ कोटींच्या आसपासपर्यंत पसरलेले आहेत. शिवाय २००३ मध्ये रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी प्रतिमानात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलून पाहिल्या, तेव्हा सामुद्रधुनीने फक्त उंबरठा (कार्बन डायऑक्साइडच्या ज्या पातळीखाली बर्फ विस्तारतो ती पातळी) थोडा सरकला. बर्फ आणला तो कार्बन डायऑक्साइडच्या घसरणीने. सामुद्रधुनीला मदतनीस म्हणावं, सूत्रधार नाही.

कार्बन डायऑक्साइड कमी कशामुळे झाला?

पावसाच्या पाण्यात तो विरघळून सौम्य आम्ल बनतं, ते सिलिकेट खडक झिजवतं, सुटलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नद्यांतून समुद्रात जातं, तिथे सूक्ष्म जीव त्याची कवचं करतात आणि ती तळाला बसून चुनखडी होते. हवेतला कार्बन असा दगडात बंद होतो. ज्वालामुखी तो परत हवेत सोडतात. दोन्हींचा तोल लाखो वर्षांच्या मापाने हलतो.

नवीन पर्वत उभे राहिले की ताजा, न झिजलेला खडक पावसाला मिळतो. भारतीय भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि हिमालय-तिबेट वर येऊ लागले. झीज वाढवणारं मुख्य कारण हेच, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष उष्ण दमट पट्ट्यात आलेल्या बेसॉल्टकडे बोट दाखवतो, कारण बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो; दख्खनचा बेसॉल्ट भूखंडाबरोबर विषुववृत्तावरून सरकत गेला तो काळही यात धरला जातो. ज्वालामुखींतून येणारा वायू घटला हे तिसरं कारण. यातलं एकच निवडायचा आग्रह धरण्यात अर्थ नाही; तिन्ही एकाच दिशेने ढकलणारी आहेत.

पहिला बर्फ कुठे साचला?

उंचावर. पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यावर, डोम ए या हिमशिखराखाली, गॅम्बुर्त्सेव्ह नावाची आल्प्सच्या तोडीची पर्वतरांग पुरलेली आहे. १९५८ मध्ये सोव्हिएत मोहिमेला भूकंपमापन करताना तिचा पत्ता लागला. पुढे रडारने बर्फातून पाहिल्यावर तिथे नद्यांनी कोरलेल्या दऱ्या आणि त्यांवर हिमनद्यांनी काढलेले वाडग्यासारखे खोलगट भाग दिसले. म्हणजे आधी पाणी वाहत होतं, मग छोट्या हिमनद्या आल्या, आणि मग सगळंच इतक्या वेगाने गाडलं गेलं की शिखरं झिजायची राहून गेली. त्यांच्यावरचा बर्फ तळाशी खडकाला गोठून चिकटलेला असल्याने घासत नाही, उलट जपतो.

अशीच दुसरी केंद्रं ड्रॉनिंग मॉड लँडचा डोंगराळ भाग आणि ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत. या बेटांसारख्या हिमटोप्या वाढत जाऊन एकमेकींना भिडल्या. एकदा जाडी वाढली की बर्फ स्वतःच स्वतःची हवा थंड करतो: दर किलोमीटर उंचीला तापमान ६ ते ७ अंशांनी उतरतं. हजार मीटर जाडीने पृष्ठभाग पूर्ण हजार मीटर वर जात नाही, कारण खालची जमीन जाडीच्या जवळपास एक तृतीयांश दबते (बर्फाची घनता ९१७, खालच्या प्रावरणाची सुमारे ३,३००). तरी सातशे मीटरची बढती मिळतेच, म्हणजे चार-साडेचार अंशांची थंडी. त्यात ताजं हिम ८० ते ९० टक्के ऊन परत पाठवतं, जंगल किंवा उघडा समुद्र दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

तीन किलोमीटर जाडी भरायला किती वर्षं लागली असतील?

किमान मर्यादा कुणालाही काढता येते. ३,००० मीटर बर्फ म्हणजे २,७५० मीटर पाणी. वर्षाला ३० सेंटिमीटर जमा होत असेल तर नऊ हजार वर्षं, १० सेंटिमीटर असेल तर साडेसत्तावीस हजार, ३ सेंटिमीटर असेल तर नव्वद हजारांच्या वर. प्रत्यक्षात वेळ यापेक्षा जास्तच, कारण बर्फ तीस-पन्नास मीटरहून जाड झाला की स्वतःच्या वजनाने वाहू लागतो आणि कडेला पोचून वितळतो किंवा हिमनग होऊन सुटतो. दाब दुप्पट झाला की वाहण्याचा वेग जवळपास आठपट होतो, त्यामुळे जाडीला आपोआप लगाम बसतो. शिवाय चादर उंच होत जाते तशी आतली हवा कोरडी होते आणि हिमवर्षाव घटतो.

पश्चिम अंटार्क्टिका आणि पूर्व अंटार्क्टिका असा भेद का करतात?

पूर्वेचा बहुतेक बर्फ समुद्रसपाटीच्या वरच्या जमिनीवर बसला आहे. पश्चिमेचा बराचसा समुद्रसपाटीखाली, काही ठिकाणी दोन किलोमीटरहून खोल तळावर. अशा चादरीला हवेइतकीच समुद्राच्या पाण्याची भीती. तळ आतल्या बाजूला उतरत जात असेल तर कडा मागे सरकताच जास्त जाड बर्फ पाण्याला भिडतो, जास्त बर्फ बाहेर वाहतो आणि कडा आणखी मागे सरकते. ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी मात्र पश्चिमेची जमीन आजच्यापेक्षा उंच होती. बर्फानेच ती खरवडून खाली नेली. त्यामुळे सुरुवातीच्या चादरीचा हिशेब आजच्या तळाच्या नकाशावर केला तर बर्फ कमी पडतो. बरीच वर्षं ही गफलत होत होती.

ग्रीनलँडवर बर्फ इतका उशिरा का आला?

ग्रीनलँड ध्रुवावर नाही. त्याचं दक्षिण टोक ६० अंश अक्षांशाच्या आसपास येतं, आणि भोवतालच्या खंडांचे उन्हाळे उबदार असतात. त्यामुळे उत्तरेचा उंबरठा खूप खाली आहे. प्रतिमानांत तो २८० पीपीएमच्या आसपास, म्हणजे औद्योगिक काळाआधीच्या पातळीजवळ येतो. पूर्व ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर इओसीन-ऑलिगोसीनमध्येच हिमनद्या समुद्राला भिडल्याच्या खुणा आहेत, पण मोठी, टिकाऊ हिमचादर आणि उत्तर अमेरिका-युरोपवर आळीपाळीने येणाऱ्या चादरी सुमारे २७ लाख वर्षांपूर्वीपासूनच्या. त्या वेळेपासून उत्तर अटलांटिकच्या तळाच्या बारीक चिखलात अचानक खडे आणि भरड वाळू दिसू लागते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत खडे नेणारं दुसरं वाहन नाही. हिमनगांनी नेलेले, बर्फ वितळल्यावर खाली पडलेले ते.

पनामाची संयोगभूमी (उत्तर आणि दक्षिण अमेरिका जोडणारी चिंचोळी पट्टी) जुळल्यामुळे हे झालं, असंही सांगतात. ती जुळल्याने उत्तरेकडे बाष्प वाढलं असेल, पण ऊबही वाढली, आणि प्रतिमानांत तिचा निव्वळ परिणाम किरकोळ निघतो.

हिमयुगं ठरावीक काळाने का येतात?

पृथ्वीच्या फिरण्यातल्या तीन संथ बदलांमुळे. अक्षाचं कलणं २२.१ ते २४.५ अंशांत ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलतं. कललेपणा कमी झाला की ध्रुवांकडचे उन्हाळे सौम्य होतात. परांचनामुळे (अक्षाच्या भोवऱ्यासारख्या डोलण्यामुळे) सुमारे १९ ते २३ हजार वर्षांत उन्हाळा कक्षेच्या कुठल्या टोकाला येतो ते बदलतं. आणि कक्षेचा लंबगोलपणा सुमारे एक लाख व चार लाख वर्षांत कमी-जास्त होतो. सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी हातानेच ६५ अंश उत्तरेला उन्हाळ्यात किती ऊन पडतं याचे तक्ते मांडले. त्यांनी हिवाळा सोडून उन्हाळा निवडला, हीच त्यांची पकड. १९७६ मध्ये हेझ, इंब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या गाळात हेच फेरे दाखवून दिले.

सुमारे १२ लाख ते ७ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान हिमयुगांची लय ४१ हजारांवरून साधारण एक लाख वर्षांवर गेली, आणि चादरी जाड झाल्या. पटण्याजोगं एक कारण असं: आधीच्या चादरींनी कॅनडातली मऊ माती खरवडून काढली, नंतरच्या चादरी उघड्या कठीण खडकावर बसल्या, घसरून पातळ झाल्या नाहीत, उंच वाढल्या. सोबत कार्बन डायऑक्साइडही घटला होता.

हे सगळं मोजतात कसं? तेव्हा तर कुणी नव्हतं.

मुख्य साधन म्हणजे फोरॅमिनिफेरा, वाळूच्या कणाएवढे चुन्याची कवचं असलेले सागरी जीव. पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८ असे दोन्ही असतात. हलकं पाणी लवकर वाफ होतं आणि हिम होऊन जमिनीवर अडकतं. बर्फ वाढला की समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि कवचांत ते नोंदलं जातं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. गाळाच्या गाभ्यातून ठरावीक अंतरावर १०-२० घनसेंटिमीटरचा नमुना घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवायचा, मंद उष्णतेवर वाळवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने एकाच प्रजातीची कवचं एकेक करून वेचायची. फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला वायू वस्तुमान-वर्णपटमापकात सोडायचा. चुका होतात त्या बहुधा वेचण्यात. सिबिसिडॉइडीस आणि युव्हिजेरिना या दोन तळवासी प्रजाती एकाच पाण्यात राहूनही जड ऑक्सिजनचा आकडा ०.६४ सहस्रांशाच्या फरकाने देतात. दोन्ही मिसळल्या की नसलेली हिमचादर उभी राहते. दुसरी अडचण गाडलेल्या कवचांची. ती पुन्हा स्फटिकतात आणि मूळ नोंद पुसतात. काचेसारखी पारदर्शक कवचं चांगली, दुधाळ दिसली तर संशय घ्यावा.

तिसरी अडचण मूलभूत आहे. थंड पाण्यातही कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. ३ कोटी ४० लाखांच्या वळणावर आकडा सुमारे १.२ ते १.५ सहस्रांशाने उडी घेतो. १० मीटर समुद्रपातळीला ढोबळमानाने ०.१ सहस्रांश धरले, तर सगळी उडी बर्फाची मानल्यास समुद्र १२०-१५० मीटर उतरला असं निघतं. अंटार्क्टिकात एवढा बर्फ मावतच नाही. म्हणून उरलेला भाग पाणी थंड झाल्याचा. तो वेगळा काढायला कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर मोजतात, ते तापमानाबरोबर वाढतं. या वळणावर मात्र त्याने सुरुवातीला चकवलं: थंडी दिसेचना. कारण त्याच वेळी पॅसिफिकमध्ये चुना विरघळण्याची पातळी जवळपास एक किलोमीटर खाली गेली, पाण्याचं रसायन बदललं आणि त्याने मॅग्नेशियमचा आकडा फुगवला. उथळ पाण्यातले नमुने घेतल्यावर थंडी सापडली. त्या काळच्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज कवचांतल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) आणि शैवालांच्या मेणासारख्या रेणूंवरून काढतात.

मग थेट बर्फालाच भोक पाडून ३ कोटी ४० लाख वर्षं का वाचत नाहीत?

कारण तो पहिला बर्फ आता शिल्लक नाही. चादर जुनी असली तरी तिच्यातला बर्फ वाहून जात राहतो, आणि तळाला पृथ्वीच्या आतली उष्णता त्याला वितळवते. पूर्व अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक इथे १९९८ मध्ये ३,६२३ मीटरपर्यंत पोचून सलग ४ लाख २० हजार वर्षांची नोंद मिळाली. तिथल्याच डोम सी या हिमशिखरावरच्या गाभ्याने ती ८ लाखांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय चमूने लिटल डोम सी इथे २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांपेक्षा जुना बर्फ काढला. अंटार्क्टिकातल्याच अ‍ॅलन हिल्सच्या निळ्या बर्फात त्याहूनही जुने तुकडे मिळतात, पण ते सुटे. पुस्तकाची फाटलेली पानं.

भोक पाडताना ते दाबाने मिटू नये म्हणून न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. साधारण ६०० ते १,२०० मीटरमधला बर्फ वर आणला की आतल्या दाबलेल्या बुडबुड्यांमुळे तडकतो. त्याला महिनोन्‌महिने तसाच निवांत ठेवून मग कापतात. ग्रीनलँडच्या माथ्यावर १९९० च्या दशकात तीस किलोमीटरवर दोन गाभे काढले. वरचा नव्वद टक्के भाग तंतोतंत जुळला, तळाचे दोन-तीनशे मीटर मात्र एकमेकांशी भांडत होते, कारण तिथे थरांना घड्या पडल्या होत्या. आणखी एक गोष्ट: ग्रीनलँडच्या बर्फातून कार्बन डायऑक्साइड मोजू नये. त्यातल्या चुन्याच्या धुळीची आम्लाशी क्रिया होऊन बर्फातच नवा वायू तयार होतो.

समुद्र किती उतरला, हे कसं काढतात?

आजच्या बर्फावर करून पाहू. अंटार्क्टिकात सुमारे २ कोटी ६५ लाख घनकिलोमीटर बर्फ आहे. ०.९१७ ने गुणलं की पाणी २ कोटी ४३ लाख घनकिलोमीटर. समुद्राचं क्षेत्रफळ ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर. भागाकार ६७ मीटर. तरी मान्य आकडा ५८ मीटर आहे, कारण बर्फाचा काही भाग समुद्रसपाटीखाली किंवा तरंगता आहे. ती जागा त्याने आधीच अडवलेली आहे. ग्रीनलँडचे ७.४ मीटर. शेवटच्या हिमयुगाच्या शिखरावर, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. त्यातला सर्वांत मोठा वाटा कॅनडावरच्या तीन किलोमीटर जाड लॉरेन्टाइड चादरीचा.

एकदा आलेला बर्फ तेव्हापासून तसाच राहिला का?

मुळीच नाही. १ कोटी ७० लाख ते १ कोटी ४७ लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात अंटार्क्टिकाची चादर बरीच आक्रसली होती. ड्राय व्हॅलीज या अंटार्क्टिकातल्या बर्फ नसलेल्या दऱ्यांमधल्या ऑलिम्पस पर्वतरांगेत सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचा गाळ आहे. त्यात शेवाळ, गोड्या पाण्यातले कवचधारी सूक्ष्मजीव आणि भुंगेऱ्यांचे अवशेष मिळाले. त्यांचं वय ज्वालामुखीच्या राखेवरून पक्कं झालं. त्यानंतर तिथे पुन्हा तसं काही उगवलं नाही. पूर्व अंटार्क्टिकाचा आतला भाग तेव्हापासून गोठलेलाच. ३३ ते ३० लाख वर्षांपूर्वी कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएमच्या आसपास होता, तेव्हाच्या, रॉस हिमकडेच्या (अंटार्क्टिकाच्या चादरीच्या समुद्रावर तरंगणाऱ्या कडेच्या) खाली काढलेल्या गाळात कधी हिमनदीचा दगडगोटा तर कधी उघड्या समुद्रातल्या डायटम या सूक्ष्म शैवालांचा थर, असं आलटून-पालटून दिसतं.

ग्रीनलँडचं उदाहरण आणखी बोलकं. १९६६ मध्ये कॅम्प सेंच्युरी इथे सुमारे १,३९० मीटर बर्फ भेदून खालची साडेतीन मीटर माती काढली गेली. ती गोठवलेल्या बरण्यांत विसरली गेली आणि २०१७ मध्ये कोपनहेगनमध्ये पुन्हा सापडली. तिच्यात काटक्या आणि पानांचे तुकडे निघाले. सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता.

हवा ज्या तापमानाला आली तेव्हा बर्फ जमला, त्याच तापमानाला परत गेली की वितळेल का?

मोठ्या चादरीच्या बाबतीत नाही. जमताना पृष्ठभाग उघड्या जमिनीच्या उंचीवर होता. वितळायची वेळ येते तेव्हा तो दोन-तीन किलोमीटर वर, थंड हवेत आणि पांढराशुभ्र असतो. म्हणून पूर्व अंटार्क्टिकाची चादर पूर्ण घालवायला ती जमली त्या ७५० पीपीएमपेक्षा बरंच जास्त प्रमाण लागतं. ग्रीनलँड आणि पश्चिम अंटार्क्टिकाला हा दिलासा लागू नाही. पहिल्याचा उंबरठाच खाली आहे, दुसरीला खालून समुद्र पोखरतो. आणि वितळ एकदा सुरू झाली की वेग वेगळा असतो: सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी समुद्र पाचशेपेक्षा कमी वर्षांत १२ ते १८ मीटर चढला.

याहून जुन्या काळातही ध्रुवांवर बर्फ होता का?

होता, पण आजचा बर्फ त्याचा वारस नाही. ७१ कोटी ७० लाख ते ६६ कोटी वर्षांपूर्वीच्या स्टर्टियन हिमयुगात तो विषुववृत्तापर्यंत पोचला होता. सुमारे ३३ ते २६ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन महाखंडावर चादरी होत्या. दक्षिण आफ्रिकेतला ड्वायका आणि भारतातला तालचीर हे दगडगोट्यांचे थर त्यांनीच टाकलेले. असा थर ओळखताना नुसते लहानमोठे दगड पुरत नाहीत, दरडी कोसळूनही तसंच दिसतं. ओरखडे असलेले, एका बाजूने घासून सपाट झालेले गोटे आणि त्यांच्याखाली समांतर रेघा पडलेला खडक मिळाला, की मग बर्फाचं नाव घ्यावं.